सोळाचं बेअरिंग

माझ्या वडिलांना हातोडीचा मनस्वी राग होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानात हातोडी लागतेच, तशी त्यांच्याकडेही होती. पण सगळ्यात खालच्या खणात, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. दुकान काढण्याआधी अण्णांनी सूतगिरणीच्या देखभाल खात्यात अठरा वर्षं काढली होती. तिथे एखादा भाग केसभर इकडचा तिकडे झालेला चालत नसे. गिरणी बंद पडली आणि अण्णा ते मापाचं वेड तसंच्या तसं घेऊन बाजारामागच्या गल्लीत येऊन बसले. पंक्चर काढायला आलेल्या माणसाला चाकाच्या ताणावर अर्धा तास ऐकून घ्यावं लागे. लोक त्यांना मागून ‘प्राचार्य’ म्हणत. आई तोंडावर म्हणे. "प्राचार्य, तास संपला असेल तर पानं घेतलीयेत," अशी तिची जेवायची हाक असायची.

पुढे जे सांगणार आहे ते अण्णांनी मला दुकान बंद केलं त्या वर्षी सांगितलं. भर दुपारी, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर पाने आणि पकडी पुसत बसले होते. मी माझ्या ऑफिसातलं काहीतरी रडगाणं गात होते. माझी चूक झाली होती आणि ती साहेबांना सांगावी की नाही, असा प्रश्न होता. अण्णांनी पाना खाली ठेवला आणि एकदम म्हणाले, "तुला ग्रंथालयातल्या बाई आठवतात?"

आठवत होत्या. बाई ग्रंथालयात होत्या, पण ग्रंथालयात कमी आणि रस्त्यावर जास्त दिसायच्या. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा तेवीस वाचकांकडे त्या सायकलवरून पुस्तकं पोहोचवत. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन पत्र्याच्या पेट्या, एकीत द्यायची पुस्तकं, दुसरीत परत आलेली. अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, त्या तेवीसांतली एक. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि गुडघ्यांमुळे जिना उतरणं तिने जवळजवळ सोडलंच होतं. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला बाई यायच्या. आत्या दहापासून दार उघडं टाकून बसायची.

बाईंची सायकल त्यांच्या मावशीने परदेशातून येताना आणलेली. ठेंगणी, जड, गडद हिरवी. अशी दुसरी सायकल गावात नव्हती.

एका सोमवारी बाई ती ढकलत अण्णांकडे घेऊन आल्या. "पायडल मारलं की कट् आवाज येतो," म्हणाल्या. "प्रत्येक फेरीला एकदा. लोक मला येताना ऐकून ओळखायला लागलेत."

अण्णांनी चाक उचलून पायडल फिरवलं. पेचकसाचं टोक मधल्या नळीला टेकवून मूठ कानाला लावली. खरं म्हणजे त्यांना काहीच ऐकू आलं नाही. पण त्या वेळी दुकानासमोर चारजण उभे होते, आणि प्राचार्य कान लावून बसलेत म्हटल्यावर निकाल तर द्यायला हवा.

"मधलं बेअरिंग गेलंय," अण्णा म्हणाले. "परवा न्या."

आता हे मधलं बेअरिंग म्हणजे काय, ते सांगते. दोन पायडलांच्या दांड्यांना जोडणारा एक आस सायकलच्या पोटातल्या आडव्या नळीतून जातो. आपल्या नेहमीच्या सायकलीत त्याच्या दोन्ही टोकांना सुटे छर्रे असतात. वाटी फिरवून काढायची, छर्रे बदलायचे, ग्रीस भरायचं, वाटी घट्ट करायची, झालं. या सायकलला वाट्याच नव्हत्या. नळीत दोन बाजूंनी, छर्रे आतच बंद असलेली दोन कडी घट्ट दाबून बसवलेली होती, यंत्रात असतात तशी. ती काढायची तर पुलर लागतो, म्हणजे पकडून सावकाश ओढून घेणारं हत्यार. अण्णांकडे पुलर होता. पण त्या दिवशी तो लेथवाल्याकडे होता, तीन गल्ल्या पलीकडे.

"तीन गल्ल्या," अण्णा मला म्हणाले. "जाऊन यायला दहा मिनिटं. मी कंटाळा केला."

त्यांनी खालचा खण उघडला. आसाच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरला आणि चार घाव घातले. एक बेअरिंग आसासकट बाहेर आलं. दुसरं आतल्या आत फुटलं आणि छर्रे टणटण करत फरशीवर घरंगळले. अण्णांनी त्यातला एक उचलला. आरशासारखा चकचकीत. ग्रीस स्वच्छ, मधाच्या रंगाचं. त्या बेअरिंगला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. अजून वीस वर्षं ते कुरकुरलं नसतं.

अण्णा सायकलकडे बघत राहिले. मग त्यांनी सहज सीटवर हाताचा भार दिला.

कट्.

सीटखालचा बोल्ट कोरडा पडला होता. बाई पायडल मारताना एका बाजूला झुकत आणि तो वाजे. तेलाचा एक थेंब. अण्णांनी तो घातला आणि आवाज बंद झाला.

बुधवारी बाई आल्या. अण्णा म्हणाले, "बेअरिंग पार कामातून गेलं होतं. नवीन घालावं लागेल. मिळालं की कळवतो."

"तुम्ही बघितलंत ते बरं झालं," बाई म्हणाल्या. "वाटेत कुठे मोडलं असतं तर?"

तिथेच सांगायचं, असं अण्णांना वाटलं. पण त्यांनी मनाशी हिशेब केला की उद्या बेअरिंग आणू, परवा बसवू, सायकल पहिल्यापेक्षा चांगली करून देऊ. मग सांगायचं राहतंच काय?

दुसऱ्या दिवशी आस रुमालात गुंडाळून, खिशात घालून ते बेअरिंगवाल्याकडे गेले. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर नंबर. काउंटरवरचा माणूस न बघता खण उघडणारा. अण्णांनी फुटक्या बेअरिंगचं माप सांगितलं. बाहेरचा व्यास पस्तीस मिलिमीटर, जाडी अकरा, आतलं भोक सोळा.

"पंधरा," तो म्हणाला.

"सोळा. व्हर्निअर लावून बघितलंय."

"काका, पस्तीसात पंधरा येतं. पंख्यात तेच, पंपात तेच. नाहीतर सतरा घ्या, ते जाडीला एक मिलिमीटर कमी आहे, पण चालून जाईल. सोळा कोण बनवतं?"

"कोणीतरी बनवलंच की. हे काय माझ्या हातात?"

काउंटरवाल्याने ते तुकडे दिव्याखाली धरले, तोंड वेडंवाकडं केलं आणि परत दिले. "हे ज्याने बनवलं त्यालाच विचारा," म्हणाला.

एका मिलिमीटरचा प्रश्न होता. अण्णा लेथवाल्याकडे गेले. तो त्यांचा गिरणीतला दोस्त, बोलायला फटकळ. आस हातात घेऊन म्हणाला, "एवढंच ना? एक मिलिमीटर घासून पंधराचा करतो. तू चहा पिऊन ये, तोवर होतं."

"दुसऱ्याच्या सायकलचा आस घासायचा? उद्या पायडल मारता मारता तुटला तर?"

"मग सतराचं घे, आतून पातळ नळी बसवून देतो."

"ते जुगाड झालं."

"जुगाड नाही रे, इलाज झाला. अरे, बाईला सायकल हवीये. प्रदर्शनात ठेवायचीये का तिला?"

अण्णा आस घेऊन परत आले. मला म्हणाले, "कारण मी आस तुटण्याचं देत होतो. खरं ते नव्हतं. एकदा हाताने वाटोळं केलं होतं ना, आता सगळं होतं तसंच्या तसं करून द्यायचं, त्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. म्हणजे चैन माझं. बाईंच्या सोयीचं त्यात काहीच नव्हतं."

मग सुरू झाला शोध. अण्णांनी जुन्या सायकलींचा बाजार पालथा घातला. छापखान्यात गेले, पिठाच्या चक्क्यांवर गेले, शिलाई यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. दुसऱ्या गावांतल्या दुकानदारांना पत्रं लिहिली, पत्रात आसाची आकृती काढून, माप लाल शाईने. दोघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं, पंधरा घ्या. दुसऱ्याने लिहिलं, सतरा घ्या. रविवारी आम्ही कुठे बाहेर गेलो आणि वाटेत एखादं यंत्र उघडं दिसलं, की अण्णा तिथे थांबायचे आणि खिशातून रुमाल काढायचे. आई म्हणायची, "लोक खिशात बायकोचा फोटो ठेवतात. आमच्याकडे लोखंड."

बाई दर शनिवारी यायच्या. "आलं का?" "नाही अजून." दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "तोवर काही तात्पुरतं करता येणार नाही का?"

"तात्पुरतं काम मी करत नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी दुकानातली एक जुनी सायकल बाईंना वापरायला दिली. ती इतकी उंच की बाईंचे पाय टेकेनात, आणि पेट्या तिच्या कॅरिअरवर बसेनात. दोन दिवसांत बाईंनी ती आणून लावली, वर आभारही मानले. मग त्या खांद्याला पिशवी लावून पायी जायला लागल्या. पिशवीत मावतील तेवढी पुस्तकं, पाय चालतील तेवढी घरं. तेवीसांची चौदा झाली, चौदांची आठ. आत्याचं घर दुसऱ्या टोकाला. चौथ्या आठवड्यात तिचं दार दहापासून दीडपर्यंत उघडंच राहिलं.

त्या रविवारी आत्याकडे आम्ही सगळे जेवायला होतो. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. आत्या वाढता वाढता म्हणाली, "बाई यायच्या बंद झाल्या रे. सायकल म्हणे कुणाकडे तरी दुरुस्तीला टाकलीये, महिना झाला. कोण मेकॅनिक आहे देव जाणे. तुझ्याकडे का नाही टाकली त्यांनी? तू दोन दिवसांत दिली असतीस."

आईने अण्णांकडे बघितलं. सायकल कुणाकडे आहे ते तिला ठाऊक होतं. ती मोडली कशी, ते मात्र ठाऊक नव्हतं. अण्णा खाली मान घालून जेवत राहिले. आत्याने पुन्हा विचारलं, "अरे, वाढू का?" तर म्हणाले, "नको, पोट भरलं." पान अर्धं तसंच होतं. मला त्या दुपारचं बाकी काही आठवत नाही, पण ते पान आठवतं.

तिसऱ्या महिन्यात ग्रंथालयाच्या कार्यकारिणीने ठराव केला की घरपोच सेवा तात्पुरती थांबवावी. बाईंना सभासदांची कार्डं लिहायला आत टेबलावर बसवलं. हे बाईंनी अण्णांना एका शनिवारी सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. "आता घाई नाही हो," म्हणाल्या. "मिळेल तेव्हा मिळेल." त्या दिवसानंतर त्यांचं दर शनिवारी येणंही थांबलं.

बेअरिंग मिळालं सातव्या महिन्यात. गिरणीतला एक जुना सहकारी पार्सलांच्या गोदामात कामाला लागला होता. तो सहज भेटला, अण्णांनी सवयीने रुमाल उघडला, आणि तो म्हणाला, "आमच्याकडे ये एकदा." बसने दीड तास. गोदामात खोक्यांसाठी लांबच लांब सरकते पट्टे होते आणि पट्ट्यांखाली शेकडो रूळ. तिथल्या दुरुस्तीवाल्याने आस हातात घेतला, एक खोकं उघडलं, त्यातलं एक बेअरिंग आसावर सरकवलं. ते असं बसलं, की जणू तिथून कधी निघालंच नव्हतं.

"हे सोळाचं?" अण्णांनी विचारलं.

"आमचे सगळे रूळ सोळाचेच," तो म्हणाला. "किती देऊ?"

परतीच्या बसमध्ये आनंद व्हायला हवा होता, अण्णा म्हणाले, पण काही केल्या होईना. दीड तास ते खिडकीबाहेर बघत बसले आणि एकच विचार डोक्यात घोळत राहिला: बसवायला वीस मिनिटं लागतील, आणि मग जाऊन बोलावं लागेल.

त्यांनी वीस मिनिटांत ते बसवलं. पायडलाला बोट लावलं तर कितीतरी वेळ फिरत राहिलं. मग त्यांनी सायकल धुतली, पुसली, आणि तिच्यावर न बसता ढकलत ग्रंथालयात नेली. बाईंना अंगणात बोलावलं.

बाईंनी घंटी वाजवून बघितली आणि हसल्या. "मी तर आशाच सोडली होती. किती खटपट केलीत तुम्ही."

"खटपट माझ्या चुकीची होती," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. सीटचा बोल्ट, न आणलेला पुलर, फरशीवरचे चकचकीत छर्रे, सोळाचं माप, ते जिथे मिळालं ते गोदाम. बाई ऐकत होत्या. त्यांचा हात घंटीवरून खाली आला.

"म्हणजे आवाज सीटचा होता."

"हो."

"आणि तुम्हाला ते त्याच दिवशी कळलं होतं."

"त्याच दिवशी."

बाईंनी सीटवर हाताचा भार देऊन बघितला. मग त्यांनी जे विचारलं ते अण्णांच्या ध्यानीमनी नव्हतं. "दुसरं काही करता आलंच नसतं का? सात महिने?"

अण्णांना तिथे खोटं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत. त्यांनी लेथवाल्याचं सांगितलं, आस घासायचं, नळी बसवायचं.

"मग तो तुटला असता?"

"कदाचित तुटला असता. चार-पाच वर्षांनी. कदाचित कधीच नाही."

"चार-पाच वर्षं," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तेवीस घरं होती माझी. सायकल माझी होती. मला विचारायचं होतंत. मी घासा म्हटलं असतं."

 बाईंनी सायकल भिंतीला लावली आणि त्या आत गेल्या, कारण कार्डासाठी कुणीतरी थांबलं होतं.

घरपोच सेवा पुन्हा सुरू झाली नाही. बाईंनी अर्ज केला होता, पण तोवर तेवीसांतले काही मुलांकडे राहायला गेले होते, काहींचं वाचन सुटलं होतं, आणि त्या सेवेवाचून काही अडत नाही हे कार्यकारिणीला कळलं होतं. अण्णांनी त्याच आठवड्यात आत्याला आणि आईला सगळं सांगून टाकलं. आईने त्यानंतर महिनाभर त्यांना ‘प्राचार्य’ म्हणून हाक मारली नाही. आत्या "गाढव आहेस," एवढंच म्हणाली. अण्णा म्हणाले, मी आणून देत जाईन पुस्तकं. आत्याने मान हलवली. "पुस्तकं तू आणशील रे. पण बाई पाच मिनिटं बसायच्या, मागच्या पुस्तकावर भांडायच्या माझ्याशी. ते कुठून आणशील?" तरी अण्णा आणत राहिले, आत्या होती तोवर. बहुतेक वेळा तिने वाचलेलंच आणायचे.

बाई पुन्हा अण्णांच्या दुकानात आल्या नाहीत. दोन वर्षांनी अण्णांना ती हिरवी सायकल बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, एका तरुण मेकॅनिककडे उलटी केलेली दिसली. अण्णांना राहवलं नाही. रस्ता ओलांडून ते गेले आणि म्हणाले, "याचं मधलं बेअरिंग वेगळं असतं बरं का. सोळाचं."

"माहितीये," तो म्हणाला. "बाईंनी लिहूनच दिलंय." आणि त्याने आपल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला चिकटवलेला कागद दाखवला. ग्रंथालयातल्या कार्डावरचं ते गोल, सुटं अक्षर. बेअरिंगचं माप, गोदामाचा पत्ता, आणि खाली एक ओळ: काहीही उघडण्याआधी मला विचारावे.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले आणि निघाले.

हे सगळं सांगून झाल्यावर अण्णांनी पुन्हा पाना उचलला आणि पुसायला घेतला. मी विचारलं, "पण अण्णा, एवढ्या सात महिन्यांत एकदाही बोलावंसं वाटलं नाही?"

"त्या येत होत्या तोवर दर शनिवारी वाटायचं. सकाळपासून ठरवून बसायचो, आज सांगायचंच. त्या यायच्या. विचारायच्या, आलं का? मी म्हणायचो, नाही." अण्णांनी पाना उलटा केला. "ते ‘नाही’ खरं असायचं ना गं. एक खरं बोलून झालं, की पुढचं बोलायला जीभच उचलायची नाही."

आईने आतून विचारलं की चहा कुणाकुणाला हवाय. अण्णा म्हणाले, "दोघांनाही टाक." मी उठून साहेबांना फोन करायला दुसऱ्या खोलीत गेले.